इस्त्री ओढायची नाही

फोन आला तेव्हा मी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात टेलरच्या दुकानात उभा होतो. बायकोनंच, कमलने, पाठवलं होतं मला, शिलाईत उरलेले कापडाचे तुकडे आणायला. शेजारीण बोलत होती, "भैया, जल्दी घर आओ, दीदी उठ नहीं रही है." मी म्हटलं, काल थकली होती, पडली असेल जरा. टेलरला म्हटलं, गाठ नीट बांध. त्याची गाठ बांधून होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो... हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहून टाकतो. घरी पोचलो तर दारात बाया जमलेल्या आणि माझ्या हातात ते गाठोडं. कोणी ते घेईना, मलाही कुठं ठेवावं सुचेना. डॉक्टर म्हणाला, हार्ट, गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता महिना उलटला.

मी सातवी शिकलेला माणूस. सारी नोकरी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात गेली, भट्टीवर. लिहायचं काम माझं नाही. पण माझी बायको गोधड्या कशी शिवायची, ते माझ्याशिवाय आता कोणाला ठाऊक नाही, म्हणून बसलो. आमच्याकडं गोधडी म्हणजे जुन्या लुगड्याची, चार पदर टाकले अन् दोरा घातला की झाली. कमल मात्र टेलरकडचे नवे तुकडे आणायची, चौकोन कापून जोडायची. पण कोरं कापड तिनं कधी कापलं नाही. आधी बादलीत भिजवायची, धुवायची, दोरीवर टाकायची. म्हणायची, एक तुकडा आटते, एकाचा रंग जाते, मग पहिल्याच धुण्यात सारी गोधडी गोळा होते. धुतलं की कोऱ्या कापडाची खळ, कांजी, जायची अन् कापड मऊ पडायचं. तिथून आमचं भांडण सुरू व्हायचं.

"इस्त्री ओढू नका. ठेवा, दाबा, उचला. मग पुढं ठेवा."

"काहून वो? तहसीलीत ठप्पे मारून राहिली का तू?"

"खळ गेली त्याची. आता जसं ओढलं तसं जाते ते. तुमी लोखंडवाले, तुमाले ठोकणं अन् ओढणंच समजते."

मी हसायचो. तिच्या मागं उभा राहून 'ठप्पा, ठप्पा' म्हणायचो. ती पाहायची पण नाही माझ्याकडं. दर चौकोनावर इस्त्री ठेवायची, जरा थांबायची, उचलायची. शर्टाला पाच मिनिटं लागतात, हिचा एका गोधडीचा कपडा दोन दोन दिवस चालायचा. मला वाटायचं, उगाच वेळ घालवते.

शेवटची गोधडी नातीची होती. आमची एकच पोरगी, वंदना. तिची मिनू नागपूरला होस्टेलमध्ये जाणार होती. कमलने चौकोन जोडून लांब पट्ट्या केल्या होत्या, त्यांच्या शिवणी दाबायच्या होत्या. कमल वारली त्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, मला म्हणाली, "आज तुमी द्या दाबून. हात भारी झाला माया."

सगळ्या आयुष्यात तिनं इस्त्रीला मला बोलावलं ते तेवढं एकदाच. मी टीव्हीसमोरून उठलो, कटकट करतच. म्हटलं, एवढी जड इस्त्री उचलत बसशील तर हात भारी होणारच. आणि एका पट्टीवरून इस्त्री सरसर ओढून काढली, पँटवरून ओढतो तशी. पट्टी लांबली अन् वाकडी झाली, भोपळ्याच्या फाकीसारखी. ती एवढंच म्हणाली, "अवो..." रागावली नाही. इस्त्री माझ्या हातातून घेतली अन् दोन सोडून बाकीच्या पट्ट्या बसून केल्या, उजव्या हातानं. डावा हात मांडीवर पडलेला होता. मी पाहिला तो. पाहिला अन् टीव्हीसमोर जाऊन बसलो.

कार्यक्रमानंतर पाहुणे गेले, वंदना राहिली. तिला मराठी सारी कळते, बोलते हिंदीत. तिनं मशीनवरचं कापड उलगडलं. आठ पट्ट्या जोडून झाल्या होत्या, दोन दाबायच्याच बाकी. म्हणाली, "पापा, ये बीच वाली देखो."

माझीच पट्टी होती. कमलने ती फेकली नव्हती. जिथं जिथं लांबली होती तिथं बारीक चुण्या घालून शेजारच्या पट्टीत बसवली होती. कधी केलं? ती गेली त्या सकाळी मी आंघोळ करत होतो तेव्हा मशीनचा आवाज येत होता... तेव्हाच केलं असेल. म्हणजे तो भारी हात घेऊनच.

"मम्मी तो चुन्नट कभी डालती नहीं थी," वंदना म्हणाली. "उधेड़ के सीधी कर दूं?"

"हात नको लावू त्याले."

"पापा, मिनू को चुभेगा."

"चुभू दे."

मग मी तिला सांगितलं. हात भारी झाला म्हणाली होती ते, आणि मी टीव्ही पाहत बसलो ते. वंदना म्हणाली, "आपको क्या मालूम था, पापा." मी म्हटलं, "दिसत होतं बाई मले." पुढं सरकून तिनं त्या उरलेल्या दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या अन् इस्त्रीचं बटण लावून दिलं.

मी केल्या. ठेवली, दाबली, उचलली. पुढं ठेवली. सारी दुपार गेली. एकही चौकोन वाकडा झाला नाही. दाखवायला मान वर केली तर खोलीत नुसती वंदना, मशीनमध्ये दोरा ओवत बसलेली.

गोधडी नागपूरला गेली. वंदना तिच्या घरी गेली. आता आठवड्यातून एकदा मी माझे दोन शर्ट घेऊन बसतो, अन् हाताला ओढणं होतच नाही. ठेवतो, दाबतो, उचलतो. शर्ट अशानं सरळ होत नाही, पाठीवर इस्त्रीच्या टोकाचे ठसे राहतात, मधल्या सुरकुत्या तशाच. तसाच घालून भाजी आणायला निघतो. परवा शेजारणीनं विचारलं, "भैया, इस्त्री बिगड़ गई क्या?"

मी मान डोलावली, म्हटलं, "हव."