डाव्या अंगाचं पातं

भागूचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. भागू म्हणजे बयाजी झोऱ्याची एकुलती लेक. माळावरच्या धनगरवाड्यात तारेची वीज कधी आली नाही, वारा मात्र बारा महिने. म्हणून लग्नाची धांदल सरल्यावर बयाजी आणि त्याचा धाकटा भाऊ धाकू यांनी घरीच पवनचक्की करायला घेतली. चुंबकांची चकती, तांब्याच्या तारेची वेटोळी, पत्र्याचं शेपूट, सगळं हातानं जमवलं. शिवणीच्या लाकडाची तीन पाती हवी होती. धाकूनं दोन कोरली, बयाजीनं एक. मग बयाजी गेला, आणि काम तसंच पडून राहिलं.

आज सकाळी धाकूनं तिन्ही पाती बसवून खांब उभा केला. वारा भरभरून आला, पण चक्की नुसती थरथरली. खाली उतरवून बघतो तर बयाजीच्या पात्याचा पीळ उलटा. दोन पाती एका अंगाला ढकलतात, तिसरं त्यांना मागं ओढतं. बयाजी डावखुरा. त्यानं लाकूड आपल्या सोयीच्या कडेनं धरलं होतं, आणि कोरताना ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ते एक काढा भावजी, नवं करा," सगुणा वहिनी म्हणाली. ती बयाजीची बायको. तिला घरात उजेड हवा होता.

बोलणं खरं होतं. पण बयाजीच्या हातचं शेवटचं काम तेवढंच, आणि धाकूचा हात पात्याला लागेना. तो ओट्यावर येऊन आडवा झाला.

दुपार कलतेय. म्हसरं सावलीला रवंथ करतायत. धाकूचा डोळा जड होतो, वाऱ्याचा आवाज लांब जातो, आणि बयाजी उशाशी येऊन उभा राहतो. धाकूला नवल वाटत नाही.

"निजलास व्हय रं?"

"न्हाई. पडलोय."

"मग सरक. सगळा ओटा अडवलायस."

धाकू सरकतो. ओटा लांबतच जातो आणि त्यावर पंगत बसलेली असते. दोघं भाऊ लहान आहेत. बा वाढतोय. बयाजी डावा हात भाताकडं नेतो, बाची पळी मनगटावर बसते. बयाजी रडत नाही. उजव्या हातानं घास उचलतो, निम्मा सांडतो.

"लागलं का, दादा?"

"लई न्हाई. पर ह्या हाताला भात गावत न्हाई. तू खाऊन बघ डाव्यानं, मग कळंल."

धाकू डावा हात पत्रावळीत घालतो. हाताला भात नाही, लाकडाचे कपचे लागतात. पंगत उठून गेलीय. मध्ये शिवणीची फळी, आणि तिच्यापाशी दोघं पिकल्या मिशांचे भाऊ.

"दादा, तुझं पातं उलटं झालंय."

"कुणापरमाणं?"

"माझ्या दोघांपरमाणं."

"म्हंजे माझं एकटं पडलं म्हणून त्याला धरलंय व्हय?"

"वहिनी म्हणती, काढा."

"काढ की. तिनं माझी पागोटीबी देऊन टाकली. बरं केलं, उंदरांनी घर केलं असतं."

"मी न्हाई काढायचा."

"मग बस अंधारात. वहिनीलाबी बसव."

बयाजी लाकूड तासायचा वाकस धाकूच्या डाव्या हातात देतो.

"ह्या अंगानं मार."

पहिला घाव घसरतो. दुसराही. बयाजी गालात हसतो. धाकू पलीकडच्या कडेला, भावाच्या अंगाला, सरकून बसतो. मग कपचा सुटतो, लांब आणि पातळ. लाकूड वळायला लागतं, बयाजीच्या पात्यासारखंच.

फळीखाली आता जमीन नाही. दोघं खांबाच्या टोकावर बसलेत, खाली म्हसरं मोहरीएवढी. डोक्यावर तिन्ही पाती फिरतायत, एका चालीनं.

"डावीकडं फिरतंय, दादा."

"फिरू दे. इजेला काय त्याचं?"

धाकू नव्या पात्याच्या कडेवरून डावा अंगठा फिरवतो.

"अजून खरबरीत हाय."

"मग घास की," बयाजी म्हणतो. पुढचं काहीतरी तो बोलतो, पण ते सगुणेच्या आवाजात येतं.

"भावजी, उठा. च्या."

धाकू उठून बसतो. डावा अंगठा ठणकतोय. उजेडात धरून बघतो तर नखाशेजारी शिवणीची सल, ओल्या लाकडाची, फिकट पिवळी. पाती तर कधीच वाळवून, घासून, तेल पाजून ठेवलेली. ओलं लाकूड घरात कुठंच नाही.

तो पाना घेऊन चक्कीपाशी जातो आणि आपल्या दोन पात्यांच्या बोल्टांच्या चाक्या सैल करायला लागतो.

"अवो, काढायचं ते दुसरं," सगुणा म्हणते. "ही चांगली हायती."

"ही दोन उलटी हायती, वहिनी. नवी दोन कोरतो, दादाच्या अंगानं."

"एकाचं काम, दोन कशाला? अन् तवर?"

"दिवाळीपतोर कंदील लावा."

सगुणा बयाजीच्या पात्याकडं बघते. मग चहाची वाटी धाकूच्या हाताशी ठेवते आणि कंदिलाची काच पुसायला घेते.

धाकू चहा पितो. सल त्यानं अजून काढलेली नाही.

बयाजी सखाराम झोरे भागूच्या लग्नाच्या सालीच, भाद्रपदात, तापानं वारला.