कडाप्प्यावरचे ओले खवले

मित्रांनो, आज विंझरला घडलेलं लगेच लिहितो आहे, कारण माझा संशय अजून फिटलेला नाही.

मी एकटा राहतो. घरात मासे साफ केले की दोन दिवस वास जात नाही, म्हणून मागच्या महिन्यात परसात ओटा बांधला. वर कडाप्पा, शेजारी नळ, सांडपाणी थेट केळीच्या आळ्यात.

आठवडाभर मी मासे आणले नव्हते. तरी आज सकाळी कडाप्प्यावर ओले खवले दिसले. शेजारच्या शेवंताकाकूंच्या बाजूची कुंपणाची तार वाकलेली होती. पण त्यांचे यजमान अण्णा माळकरी. त्यांच्या घरात अंडंही चालत नाही.

तरी मी काकूंना विचारलं. त्या उसळल्या. "आमच्यात माळ हाय, ठावं न्हाई व्हय?" मग त्यांचा आवाज उतरला. "सून पोटुशी हाय. माशाबिगर घास उतरंना तिच्या. ह्यांना कळलं तर माज्या हातचं पाणी घ्यायचे न्हाईत. भाऊ, बोलू नका कुठं."

दुपारी अण्णाच कुंपणाशी आले. "लई मासं खाताय का हो हल्ली?"

"रोज," मी म्हणालो.

त्यांनी ओट्याकडे बोट केलं. "चिलापीचं खवलं लवकर निघत न्हाई. तारंची घासणी आणून ठेवा तितं. बायामाणसांचं हात कापत्यात."

माझ्या घरात बाईमाणूस नाही, हे अण्णांना चांगलं ठाऊक आहे.

घासणी मी आणली आहे. आता काकूंना हे सांगू की नको?