पाचवा दगड

इतर बायकांचे नवरे चाळिशी जवळ आली की जमीन घेतात, गाडी घेतात, फार तर केस काळे करतात. माझ्या नवऱ्याला ट्रक ओढायचा होता. आम्ही तेव्हा चेन्नईजवळ आवडीला, संरक्षण खात्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. तो कारखान्यात फिटर, मी वसाहतीतल्या शाळेत खेळाची शिक्षिका. नवरा मूळचा कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण अंगातली रग काही सुटली नव्हती. एके दिवशी टीव्हीवर त्यानं स्ट्राँगमनची स्पर्धा बघितली. धिप्पाड माणसं कंबरेला दोर बांधून ट्रक ओढत होती, सिमेंटचे मोठाले गोल दगड छातीशी कवटाळून उंच ठेवत होती. जेवण गार झालं तरी हा हलेना.

"मला हे करायचंय," तो म्हणाला.

"तुमचं डोकं फिरलंय," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मीच चौकशी सुरू केली. माझं हे असंच आहे. आधी तोंडानं नाही म्हणायचं आणि मग कंबर कसायची.

चौकशीत कळलं, की या खेळाचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. खेळाडू आणि आयोजक यांनी एकत्र येऊन तो काढला होता. कुठं काय उचलायचं, किती उंच ठेवायचं, पंचानं कधी शिट्टी द्यायची, हे सगळ्या देशांत सारखं असावं म्हणून. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत त्यांना ईमेल पाठवला. उत्तर आलं, याचंच मला नवल. तुमच्या भागात संघटना काढा, नियमाप्रमाणे स्पर्धा घ्या, जिंकेल त्याला आम्ही बाहेरच्या स्पर्धेला बोलावू, असं त्यांनी लिहिलं होतं. नवऱ्यानं ते मला तीनदा वाचायला लावलं. वयाचा हिशेब त्यालाही कळत होता. जायचं तर याच वर्षी. पुढच्या वर्षी पाठ काय म्हणेल याचा भरवसा नव्हता.

संघटना म्हणजे काय, मी, नवरा आणि कारखान्यातले त्याचे काही दोस्त. ट्रकच्या जुन्या टायरची सोय झाली. दगड आम्हीच ओतले, साच्यात सिमेंट, वाळू, खडी भरून, लहानापासून मोठ्यापर्यंत पाच. पाचवा इतका जड होता, की तो ढकलत व्हरांड्यात आणताना दारासमोरच्या दोन फरश्या फुटल्या. त्या फरश्यांवरून मी महिनाभर बोलत होते.

आणि नेमकं तेव्हाच तिकडं महासंघात फाटाफूट झाली. सगळ्यांत मोठी, टीव्हीवरची स्पर्धा ज्यांच्या हातात होती ते एकीकडं, महासंघ दुसरीकडं. इकडं खेळलात तर तिकडं बंदी, तिकडं खेळलात तर इकडं. जगातले सगळ्यात ताकदवान लोक सवतींसारखे भांडत बसले. कोण बरोबर, कोण चूक, मला आजही सांगता यायचं नाही. पुढं काही वर्षांत तो महासंघ गुंडाळलाही गेला. पण त्या वर्षी तो होता, आणि आम्हाला उत्तर त्यानंच दिलं होतं. दोस्तांपैकी एकदोघं म्हणाले, थांबू या, वारं कुठं वाहतंय बघू. मी म्हटलं, "थांबायला वेळ कुणाकडं आहे? ज्यांनी आपल्याला विचारलं त्यांच्याबरोबर जायचं. विषय संपला." नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की तसं त्यानं लग्नातही बघितलं नव्हतं.

भांडणापायी महासंघाचा निरीक्षक मात्र येणार नव्हता. त्यांनी कळवलं, की स्पर्धेचं चित्रीकरण पाठवा, मुख्य पंचाचा निर्णय आम्ही मानू. क्रीडाशिक्षणाची पदवी असलेली आमच्यात मी एकटीच. त्यामुळं शिट्टी माझ्या गळ्यात पडली. नवरा खेळणार आणि बायको पंच, हे बरं दिसतं का, असं मीच विचारलं. सगळे हसले. "मॅडम घरी तरी कुठं सोडतात त्याला," एक जण म्हणाला.

आयुधपूजा झाल्यावरच्या रविवारी स्पर्धा ठेवली. त्या दिवसांत इकडं यंत्रं, सायकली, लेथ, अगदी घरच्या कात्रीलासुद्धा चंदन-कुंकू लागतं. आमच्या शेजारी तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या एक मामी राहायच्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ. मला निम्मी कळायची, पण जीव मात्र पुरा लावायच्या. रविवारी सकाळी मी व्हरांड्यात आले, तर काय! पाचही दगड काळेभोर, चकचकीत. मामींनी पहाटे उठून त्यांना तिळाच्या तेलानं न्हाऊ घातलं होतं, वर कुंकू, वर झेंडूची फुलं.

"आज पहिल्यानं मैदानांत उचलायाचे, तेल न घालतां कसे न्यायाचे अगे?" मामी कौतुकानं म्हणाल्या. "पाहा, सामीगत दिसतात कीं!" सामी म्हणजे देव.

दगडाच्या खेळात सगळी मदार पकडीवर, आणि तेलकट दगड हातातून निसटतो. त्यांना काय सांगणार? मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नवरा मागून आला. त्यानं वाकून मामींना नमस्कार केला आणि म्हणाला, "छान दिसतात." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक शब्द बोलू नको त्यांना."

मैदानात आम्ही दगड शिकेकाईनं घासले, तरी सिमेंटनं तेल पिऊन घेतलेलंच. दगडांचा प्रकार रद्द करावा तर स्पर्धा नियमात बसेना. शेवटी नवऱ्यानं तालमीतला उपाय काढला. मैदानाच्या कडेची तांबडी माती चाळून आणली आणि दगडांना भरपूर चोळली. "तेल लावलेले गडी काय कमी धरलेत का आम्ही," म्हणाला. सगळ्यांना दगड तेच, माती तीच. मी शिट्टी वाजवली आणि स्पर्धा सुरू झाली.

लॉरी ओढणं झालं, टायर उलटवणं झालं. दुपारपर्यंत दोघंच उरले. माझा नवरा, आणि चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला ट्रकच्या कारखान्यात काम करणारा एक तरणाबांड तमिळ गडी. निकाल दगडांवर आला. वाळूनं भरलेल्या पिंपांवर दगड ठेवायचे; दगड स्थिर राहिला की पंचानं शिट्टी द्यायची, मगच तो ठेवला असं धरायचं. त्या गड्यानं चार दगड भराभर ठेवले, पाचवा काही जमिनीवरून सुटला नाही. नवऱ्यानंही चार ठेवले, पण सावकाश. म्हणजे पाचवा ठेवला तर तो जिंकणार, नाहीतर चार दगड कमी वेळात ठेवल्यामुळं तो गडी.

पाचवा दगड नवऱ्यानं मांडीवर घेतला. मान लाल झाली, पाय थरथरत होते. वर, छातीवर, आणि मग पिंपावर. ठेवला! लोक ओरडले, त्यानं दोन्ही हात वर केले. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी दगडाकडं बघत होते. दगड अजून हलत होता. एवढासा डुलला, मातीखालच्या तेलावरून घसरला आणि पलीकडं धप्पकन पडला.

"वाजवा मॅडम, वाजवा!" दोस्त ओरडले. "ठेवला होता त्यानं! कॅमेऱ्यात काय कळतंय, पडतानाचं काढून टाकू!"

खरं सांगते, मला वाजवायची होती. देवाशपथ, आयुष्यात मला दुसरं काही इतकं करावंसं वाटलं नाही. त्या माणसानं किती पहाटे त्या दगडांशी झुंज दिली होती ते फक्त मला माहीत होतं. पण सबंध जगात हा खेळ सारखा असावा म्हणून तो नियम होता, आणि जे भांडत बसले होते त्यांनी तो पाळला काय, मोडला काय, आमच्या मैदानात तो माझ्या हातात होता. मी शिट्टी तोंडातून काढली. "नाही," मी म्हटलं. "चार."

दोस्तांपैकी एक जण पुढं वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मामी गर्दीतच उभ्या होत्या. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की दगड जड होता म्हणून पडला. आम्ही त्यांना तसंच वाटू दिलं.

नवरा घरी येऊन आंघोळ करून जेवला. मी वाट बघत होते, की आता बोलेल, ताट आपटेल. त्यानं एवढंच विचारलं, "थांबला नव्हता ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं आणखी भात मागितला.

पुढच्या रविवारी तो त्या गड्याकडं गेला, त्याला पाचवा दगड उचलायला शिकवायला. मग दर रविवारी जाऊ लागला. गड्याला महासंघाचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही दोघं त्याला विमानतळावर सोडायला गेलो. आत जाण्याआधी तो नवऱ्याच्या पाया पडला. नवऱ्यानं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बजावलं, "शिट्टी होईपर्यंत हात सोडायचा नाही. माझ्या वेळी पंच माझी बायको होती, तरी वाजली नाही. तिथं तर सगळे परके."

गड्यानं मान हलवली आणि आत गेला. मी तिथंच, लोकांच्या ट्रॉल्यांमध्ये उभी राहून, ढसाढसा रडले.