नाखव्याचा कागद

बोईसरला हातमोजे शिवायचा कारखाना काढला तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या, मशीन चालवणं आणि दिलेला शब्द पाळणं. शाळा चौथीपर्यंत. घाटावरून आलेला माणूस मी, कंपनीच्या साहेबासमोर उभा राहिलो की तोंडातून शब्द फुटत नसे. माल चांगला होता, पण विकायचा कसा ते कळत नव्हतं.

तो विकला दातिवऱ्याच्या एका माणसाने. मी त्याला नाखवा म्हणायचो. त्याच्याकडे होडी कधीच नव्हती, म्हणूनच म्हणायचो. तोही मला उलट शेट म्हणायचा, कारण माझ्याकडे तेव्हा तीन मशिनी होत्या, त्यातली एक बंद. पगार त्याने मागितला नाही. सायकलीवर हातमोज्यांचं गाठोडं बांधून तो तारापूरच्या कंपन्यांत जायचा. ज्या गेटवर वॉचमन मला थांबू द्यायचा नाही, तिथे याला चहा मिळायचा. कधी गाठोड्यात सुके बोंबील ठेवायचा, मग सगळ्या मालाला वास. मी ओरडलो की म्हणायचा, कामगार जेवायच्या सुट्टीत हातमोजे घालून नुसता भात खातील, कालवणाचा खर्च वाचला.

डझनामागे कमिशन ठरलं. टपरीवर चहा पिता पिता मी त्याला सांगितलं होतं, तू आणलेली कंपनी जोवर माल घेईल तोवर तुझं कमिशन चालू, तू घरी बसलास तरी आणि तुझ्यामागे तुझ्या घरच्यांना. झालं तेवढंच बोलणं.

दोन वर्षांनी तो एक कागद घेऊन आला. वहीचं पान. त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने सुंदर अक्षरात माझंच बोलणं लिहिलं होतं, वर तारीख, खाली सहीला जागा. मला राग आला. माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर दुसरा मालक बघ, म्हणालो. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

"भरवसा हाय शेट," तो म्हणाला. "पण तुमचा शबूद तुमच्या तोंडात. मी नसलो तर माझी बायको तो कुठं दाखवंल?"

मी मशीन चालू केली. त्याने परत विषय काढला नाही आणि कमिशन मी एक महिनाही चुकवलं नाही. याचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी नाखवा गेला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी निरोप. त्याने आणलेल्या तीन कंपन्या अजून माल घेतात. पण कारखाना आता माझा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मीच तो मुलाच्या नावावर केला. मुलगा शिकलेला, सरळ आहे. त्याने एजंटांसाठी आठ पानांचा इंग्रजी करार केलाय. नवीन गिऱ्हाईक आणलं की पहिलं एक वर्ष कमिशन, तेही कंपनीचे पैसे जमा झाल्यावर, कर कापून. नाखव्याने त्यावर सही केली नव्हती, तरी आप्पांचा माणूस म्हणून मुलगा त्याला जुन्या बोलीने देत राहिला. माणूस गेला तसं ते थांबलं.

तेराव्यानंतर महिनाभराने त्याची बायको कारखान्यात आली. मुलाने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, काकू, मी नाही म्हणत नाही, पण सीए विचारतो की कशाच्या आधारावर देता, बाकीचे एजंटही विचारतील. काही लेखी असेल तर दाखवा. नसेल तर एकदा चांगली मदत करतो.

"मदत मागाया नाय आले," ती म्हणाली. "त्याचं असंल ते द्या."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मी सांगितलं, मी शब्द दिलाय. मुलगा हळूच म्हणाला, आप्पा, शब्द फाइलला लागत नाही.

मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी काढली. त्याच्या पेटीत हा एक कागद सापडला, म्हणाली, बघा चालतो का. वहीचं तेच पान. घड्यांवर फाटत आलेलं. खालची जागा तशीच मोकळी.

घरी येऊन मी दुपारभर तो समोर ठेवून बसलो. लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. तारीख खरी होती. सही तेवढी मागे राहिली होती. मी पेन घेतलं आणि केली.

दुसऱ्या दिवशी कागद मुलासमोर ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला. मग ड्रॉवरमधून एक चेक काढला, सही जुळत नाही म्हणून बँकेने मागे पाठवलेला माझाच चेक. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्हीवर माझं नाव सारखंच थरथरत होतं.

"ही सही आत्ताची आहे, आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही कधी खोटं केलं नाहीत. आता माझ्याकडून करवून घेऊ नका."

त्याला मीच तसा वाढवला होता.

सफाळ्याहून एसटीने दातिवऱ्याला गेलो. माझ्या औषधपाण्याला मुलगा जे देतो त्यातले पैसे पाकिटात घातले होते. ती ओट्यावर मासळी निवडत होती. हात धुऊन आली. मी ओट्यावर टेकून पाकीट पुढे केलं.

"कारखान्यानं दिलं का तुमी?"

सांगायचं होतं, कारखान्याने. तिने पाकीट माझ्या मांडीवर परत ठेवलं आणि म्हणाली, राहू द्या, तुमचं आता वय झालं. मग कागद मागितला. पोरीच्या हातचा आहे, म्हणाली, ती सासरी गेली, माझ्यापाशी तेवढाच राहील.

मी दिला. तिला वाचता येत नाही, पण त्याच्या खाली जागा मोकळी होती हे तिला माहीत होतं. त्या जागेवरून तिने बोट फिरवलं.

"ही कदी केलीत?"

"परवा," मी म्हणालो.

तिने मान हलवली, कागद जुन्या घड्यांवरच घडी केला आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.