दारापर्यंत अकरा पावलं

स्टुडिओत सगळे तिला बाहुलीबाई म्हणत. वीतभर उंचीची बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची; असे बारा फोटो जोडले की पडद्यावरचा एक सेकंद होतो. हे काम तिनं आणि नवऱ्यानं पंधरा वर्षं जोडीनं केलं. वाटणी ठरलेली: बाईची बाहुली तिची, पुरुषाची त्याची. घरात कितीही वाजलेलं असो, एकानं दुसऱ्याच्या बाहुलीला हात लावला नाही.

मग नवरा परगावी कामाला गेला आणि सहा महिन्यांनी, आता परत येणार नाही, असं त्यानं बहिणीकरवी कळवलं. नणंद बिचारी फोनवर रडली. तिची समजूतही हिलाच काढावी लागली.

मागे राहिला एक अर्धवट सिनेमा. आठ मिनिटांचा, एकाही शब्दाविना. एक खोली, एक जोडपं, जीव जडतो, मग विटतो, आणि पुरुष निघून जातो. ते निघून जाणंच तेवढं बाकी होतं.

चार दिवस तुमच्या यजमानांनाच बोलावू का, असं दिग्दर्शकांनी आडून आडून विचारलं. ती म्हणाली, दोन्ही बाहुल्या मीच चालवते. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मी त्यांना फोन करणार, असं त्यांनी बजावलं. नणंदेचंही तेच.

"वहिनी, दादाला एकदा बोलावलंत तर तुमचं काय जाईल?"

"त्याला जाताना एकदा बघितलंय मी. पुन्हा कशाला?"

दारापर्यंत अकरा पावलं, पावलाला आठ फोटो. आधी खांदा वळायचा, मग पाय उचलायचा, ही नवऱ्याची निघण्याची तऱ्हा तिनं बाहुलीला दिली. सात सेकंदांना तीन दिवस लागले.

पडद्यावर पुरुष झकास चालला. दिग्दर्शकांनी मान डोलावली. चूक तिलाच दिसली: खुर्चीतली बाई हललीच नव्हती. नुसत्या बसलेल्या बाहुलीचाही श्वास, पापणी दर फोटोला हलवावी लागते, नाहीतर ती मेल्यासारखी दिसते. तिन्ही दिवस ती स्वतः पुरुषामागे होती. बाईकडे बघायचं राहूनच गेलं.

"राहू द्या तशीच," दिग्दर्शक म्हणाले. "धक्क्यानं दगड झाली. लोकांना भिडेल."

"दगडबिगड नव्हती झाली. दूध तापत ठेवलं होतं. अर्धं लक्ष तिकडे होतं तिचं."

सिनेमात दूध कुठेच नव्हतं. दिग्दर्शकांनी चष्मा काढून पुसला आणि उद्या शनिवार आहे, एवढंच म्हणाले.

"करा फोन. बोलावू मात्र नका. त्याची बाहुली मी चालवतेय, एवढं कळवा."

बुधवारपर्यंत थांबतो, म्हणत ते निघून गेले.

तिनं पुरुषाला दारातून उचलून खुर्चीशेजारी आणून उभं केलं. टेबल रुंद, एका बाजूनं दोन्ही बाहुल्यांपर्यंत हात पोचत नव्हता. तिनं बाईची मान, सेटवर नसलेल्या स्वयंपाकघराच्या अंगाला, केसभर वळवली, मग वळसा घालून पलीकडे गेली, पुरुषाचा खांदा फिरवला, पुन्हा अलीकडे येऊन फोटो काढला. परत बाई. परत वळसा. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा आठ फोटो झाले होते आणि पुरुषानं पहिलं पाऊल टाकलं होतं.