अक्कांकडचे कागदी पाहुणे

दीपनगरच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्का रोज सकाळी चहाचे कप उचलले की नवऱ्याला विचारायच्या, "मोडू का?" नाना घटकाभर विचार करून म्हणायचे, "मोड. परत लावूत." मग कॅरमबोर्डवर जुळवून ठेवलेला एखादा दाढीवाला फिरंगी अक्का दोन्ही हातांनी विस्कटून टाकायच्या आणि तुकडे डब्यात भरायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय.

नाना वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत माणसं विसरू लागले. आधी शेजारी, मग जावई, मग पोटची लेक. पुण्याला असलेल्या या लेकीने, सुनीताने, डोकं लढवलं. बाबा चेहरे विसरतात ना, मग चेहरेच जुळवू देत, म्हणून तिने फोनवर पाहून जिगसॉचे डबे मागवले. उघडले तर आत इटलीतले कुठले कुठले पाचशे वर्षांपूर्वीचे चित्रकार. तेही रंगीत नाहीत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या तसबिरी, नुसत्या बारीक काळ्या रेघा. दाढीचा तुकडा कुठला आणि झग्याचा कुठला, कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, परत करा आणि पोपट-बिपट मागवा.

"ऱ्हाऊ द्या ताई," अक्का म्हणाल्या. "पाव्हना घर उनात, आते परत कसा धाडू?"

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. इतकी वर्षं आमच्यात राहूनही 'आहे'च्या जागी त्यांचं अहिराणी 'शे' काही सुटलं नव्हतं. डब्यांवर त्या चित्रकारांची नावं होती, पण ती वाचतो कोण? लांब दाढीचा तो शिरपूरचा मामा झाला. चपट्या टोपीचा चेअरमन. खांद्यापर्यंत कुरळे केस सोडलेला एक तरणा होता, त्याच्या लग्नाच्या काळजीने अक्का म्हणायच्या, "याले पोरगी देखनी पडी."

जिगसॉ कडेपासून लावायचं असतं, हे मी शहाणपणाने सांगून पाहिलं. अक्का ऐकतील तर शपथ. "माणूस भेटना ते त्याना डोया देखतस ताई, धोतरना काठ नही." म्हणून त्यांच्याकडे आधी डोळे लागायचे, मग नाक, मग दाढी. नाना एकेक तुकडा हातात धरून दुपार घालवत. चेहरा पुरा झाला की घरी पाहुणा आल्यासारखा त्यांचा स्वतःचा चेहरा उजळायचा. "मामा उना," ते म्हणायचे. अक्कांचा चेहरा मात्र तेव्हाच पडायचा. कारण मामाला ओळखून झालं की नाना त्यांच्याकडे वळत आणि मोठ्या अदबीने विचारत, "बाई, तुम्ही कोना घरन्या?"

"तुमनाज घरनी शे. सुमन," म्हणून अक्का स्वयंपाकघरात निघून जायच्या.

एकदा माझ्याकडे मेथी निवडत बसल्या होत्या. मधेच हात थांबला. "त्या कागदना मामाले वळखतस. मन्हं नाव एक डाव घेतीन ना, ते मले बठ्ठं भेटनं." एवढ्याने त्यांना सगळं मिळणार होतं.

मी म्हटलं, मग तुमच्याच फोटोचा जिगसॉ करून घ्या, जळगावात देतात करून. मला वाटलं, खूश होतील. त्या किती तरी वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिल्या.

"नको ताई. मले रोज मोडतीन. ते मन्हाघाई देखावाव नही."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. नानांच्या गोळ्या वेळच्या वेळी, स्वतःच्या राहिल्या तर राहिल्या, असा त्यांचा कारभार. एका सकाळी ओट्याशी कोसळल्या त्या उठल्याच नाहीत. मला फार राग आला, अजूनही येतो. एवढं सगळं निभावणाऱ्या या बाईला फक्त एक हाक हवी होती आणि तेवढीही तिच्या वाट्याला आली नाही.

सुनीताने आईचा लग्नानंतरचा जुना कृष्णधवल फोटो मोठा करून आणला. भिंतीला खिळा ठोकेपर्यंत तो कॅरमबोर्डवर ठेवला होता. मी चहा केला होता. नाना पाय ओढत आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. सवयीने त्यांनी बोट आधी डोळ्यांवर ठेवलं. मग नाकावर, मग कपाळावरच्या कुंकवावर.

"सुमन उनी," नाना म्हणाले.

सुनीता दाराला धरून रडू लागली. मीही रडले, त्यात लाज कसली. नाना तेवढे आनंदात होते. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी फोटोवरची नजर काढली नाही. मग मी कप उचलला, तसे ते माझ्याकडे वळले.

"मोडा, बाई. परत लावूत."

सुनीताने फोटो उचलून छातीशी धरला आणि ती आत गेली. मी मामाचा डबा आणला आणि बोर्डवर रिकामा केला. नाना लगेच तुकड्यांत डोळे शोधायला लागले. मामाचा एक डोळा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला, "सुमनना नही," म्हणत बाजूला ठेवला आणि पुन्हा शोधू लागले.