अक्कांचं पिवळं बटण

महादेवी अक्का ई-मेलला फोननं उत्तर द्यायच्या. समोरच्यानं चार ओळींची सभ्य तक्रार लिहिलेली असायची, खाली नाव, हुद्दा, सगळं. अक्का ती मोठ्यानं वाचायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि नंबर लावायच्या. "बोला पावणं, काय दुखतंय?" सॉफ्टवेअर कंपनीतून असा फोन येऊ शकतो, हे पलीकडच्या माणसाच्या गावीही नसायचं. मग तो घडाघडा बोलायला लागायचा, कधी कधी सुनेच्या बाळंतपणापर्यंत.

आमची कंपनी म्हणजे राजारामपुरीत अक्कांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं, मी आणि माझे दोन सोबती. पुण्यातली नोकरी सोडून मी कोल्हापूरला परत आले होते आणि 'मेळ' नावाचं अॅप बनवलं होतं. कारखान्यातलं कुठलं काम कुणाकडे आहे, कुठवर आलंय, कुठे अडलंय, हे सगळ्यांना एका ठिकाणी दिसावं, एवढीच त्याची करामत. तसली अॅप्स बाजारात ढिगानं होती. त्यांच्या मागे परदेशी कंपन्या होत्या, काचेच्या इमारती होत्या. आमच्या मागे अक्कांचं शेवग्याचं झाड होतं.

अक्का आमच्या घरमालकीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात गेलेली. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, सीमेला टेकलेलं. त्यामुळे राग आला की कानडी आणि माया आली की त्याहून जास्त कानडी. आम्ही तिघंही फोनला भिणारी जमात. ऑफिसचा फोन वाजत राहायचा आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो. एके दिवशी अक्का तरातरा जिना चढून आल्या, फोन उचलला, गिऱ्हाइकाशी दहा मिनिटं बोलल्या, त्याची अडचण मला माझ्यापेक्षा नीट समजावली आणि म्हणाल्या, "तंगी, घंटी वाजताना बसून ऱ्हाणं आमच्या खात्यात पाप हुतं." तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्या आईहून मोठी बाई मला धाकटी बहीण म्हणते याचं आधी हसू आलं, मग सवय झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दहाला वर यायला लागल्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. त्यांनीच स्वतःला नेमलं आणि आमची काही बोलायची छाती झाली नाही.

'मेळ'मध्ये दोन बटणं होती. काम आलं की 'करतो', संपलं की 'झालं'. पहिलं निळं, दुसरं हिरवं. आठवडाभर गिऱ्हाइकांशी बोलून अक्कांनी निकाल दिला, "हे खोटं हाय."

"खोटं कसं?"

"आपल्यात तोंडावर 'न्हाई' कोण म्हणतं? मालकाला तर न्हाईच. हयातभर लोकांचं 'व्हय' माझ्या कानावर पडलंय. नुसतं 'व्हय' म्हंजे ऐकू आलं. 'व्हय की' म्हंजे किती येळा सांगशील. 'व्हय व्हय' म्हंजे ठेव आता फोन. आन् 'बघतो' म्हणला, की समजायचं घोडं अडलंय."

मग हट्टानं त्यांनी तिसरं बटण घालायला लावलं. त्यावर लिहिलं होतं 'बघतो', आणि रंग पिवळा. जगातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये असलं बटण नाही, असं मी म्हणून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "मग जगात जा की इकायला. कोल्लापुरात कशाला बसलीयास?" कुणी पिवळं दाबलं, की त्या दिवसाच्या आत अक्कांचा त्याला फोन जायचा. बटणाचा उपयोग तेवढाच, त्या सांगायच्या, फोन कुणाला करायचा ते कळायला.

दोन वर्षं झाली तरी आमची गिऱ्हाइकं बोटांवर मोजता येत होती. अशात औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या फौंड्रीचे मालक, आबासाहेब, आम्हाला संधी द्यायला तयार झाले. अट अशी, की महिनाभर पहिल्या पाळीनं एका बड्या कंपनीचं अॅप वापरायचं, दुसऱ्या पाळीनं आमचं. जे बरं वाटेल ते ठेवायचं. हे काम मिळालं नाही तर माडीला कुलूप लावून मी पुन्हा पुण्याला नोकरीला जाईन, असं मी घरी कबूल करून बसले होते.

निकालाच्या आदल्या दिवशी मी आमचा पडदा उघडला. निम्मी कामं पिवळी. पहिल्या पाळीचं सगळं हिरवंगार असल्याची बातमी आधीच कानावर आली होती. मी अक्कांना म्हणाले, "एका दिवसासाठी हे बटण काढते. पिवळं सगळं निळ्यात दाखवते."

अक्का चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काढ की. मग त्येंचं आन् आपलं येकच झालं. आन् येकच असलं तर मोठं सोडून बारकं कोण घेतंय?"

मी बटण ठेवलं. खरं सांगायचं तर धाडस म्हणून नव्हे, अक्कांच्या भीतीनं.

दुसऱ्या दिवशी बड्या कंपनीच्या माणसांनी आपला हिरवा पडदा दाखवला. देखणा होता, मलाही आवडला. मग आमचा लागला. आबासाहेब तो बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरला कावीळ झालीया काय?"

सगळे हसले. मागच्या खुर्चीवरून अक्का उठल्या. "कावीळ सॉफ्टवेअरला न्हाई आबासाहेब, कारखान्याला झालीया. आमी नुसतं डोळं बघितलं."

हसू जागच्या जागी थांबलं. मी डोळे मिटून घेतले. पुण्याची गाडी मला दिसायला लागली होती. अक्का मात्र एकेक पिवळं काम तोंडपाठ सांगत सुटल्या. साखळीपाशी आल्यावर थांबल्या. वितळलेल्या लोखंडाची बादली उचलणाऱ्या क्रेनची साखळी तपासायचं काम दोन्ही पाळ्यांना दिलेलं होतं. मघाच्या हिरव्या पडद्यावर पहिल्या पाळीनं 'झालं' म्हटलं होतं. दुसऱ्या पाळीच्या तानाजीनं 'बघतो'.

"तानाजीला मी काल रातीला फोन केल्ता," अक्का म्हणाल्या. "एक कडी झिजलीया म्हणतोय. सुपरवायझरला दोनदा सांगितलं. तुमास्नी सांगायचं भ्या वाटतंय त्येला."

आबासाहेब उठले आणि कारखान्यात गेले. आम्ही सगळे मागोमाग. क्रेनचा आकडा खाली घेतला, त्यांनी स्वतः साखळीवर हात फिरवला. कडी एका बाजूनं निम्मी झाली होती. तानाजीची पाळी दुपारनंतरची; पहिल्या पाळीच्या माणसाला बोलावलं, तर तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मालक, त्यात दोनच बटणं. दुसरं काय दाबायचं हुतं?" आबासाहेबांनी त्याला एका शब्दानं दुखवलं नाही. तिथल्या तिथं क्रेन बंद करायला सांगितली आणि बड्या कंपनीच्या माणसांना म्हणाले, "तुमचं लई झ्याक हाय. पण माझी माणसं तसं बोलत न्हाईत."

काम आम्हाला मिळालं. माडी राहिली, मीही राहिले. पुढे त्या बड्या अॅपनंही तसलंच एक बटण आणलं, तेव्हा मी घाबरून अक्कांकडे धावले. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. "आणू दे की," म्हणाल्या. "फोन कोण करणार हाय त्येंचा?"

अक्का गेल्या वर्षी गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला फार रडू आलं, आणि आता ते लपवायचं वयही नाही.

पुढच्याच महिन्यात एका सोमवारी, कारखान्याला सुट्टी असताना, एक उंचापुरा माणूस माडीवर आला. "अक्का हाईत काय? मी तानाजी, फौंड्रीतला." मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. तो चप्पल काढून फोटोपुढे जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "अशा हुत्या व्हय? आवाजावरनं मला वाटलं हुतं, लई धिप्पाड असतील." अक्का जेमतेम साडेचार फूट. मला हसू आलं आणि मग त्यालाही आलं.

मी त्याला बसवलं, काय काम होतं विचारलं.

"काम न्हाई वो. सांगाय आल्तो. परवा मालक म्हणालं, आज क्रेननं टनभर जादा उचल. मी म्हणालो, न्हाई. 'बघतो' न्हवं, सरळ न्हाई. तोंडावर."

"मग? मालक काय म्हणाले?"

"बरं म्हणालं."

तेवढं सांगून तो उठला आणि पुन्हा फोटोकडे वळला. "नुसतं बरं म्हणालं वो, अक्का," तो म्हणाला. "वीस वर्सं उगंच भ्यालो की."